मऊ मसाला कुकीज आणि वर मेपलचा ग्लेझ (कृती, शंका, वाद सगळं इथेच घाला)

नदीकाठची
फराळाच्या धाग्यावर या कुकीजचा विषय निघाला होता आणि तिथे चकलीच्या भाजणीत हे मिसळायला नको म्हणून वेगळा धागा काढतेय. मी कॅनडात, ऑंटारियोत वॉटरलूच्या बाजूला राहते, इथे फेब्रुवारीअखेर ते एप्रिल मेपलच्या रसाचा सीझन, रात्री गोठण आणि दिवसा वितळण असं हवामान लागतं तेव्हाच झाडातून रस नीट येतो. साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप, त्यामुळे महाग का म्हणून विचारू नका. जवळच एल्मायरा गावात १९६५ पासून मेपल सिरपची जत्रा भरते, आसपासचे शेतकरी घरच्या घरी केलेलं सिरप विकतात, आमच्याकडे वर्षाची बाटली तिथूनच येते.

तर कृती. मध्यम आकाराच्या वीसबावीस होतात.

मैदा २८० ग्रॅम, बेकिंग सोडा १ चहाचा चमचा सपाट, मीठ अर्धा चमचा, सुंठ पूड २ चमचे, दालचिनी पूड दीड चमचा, लवंग पूड पाव चमचा, जायफळ किसून पाव चमचा, आणि आवडत असेल तर दोन चिमटी मिरपूड (घालाच). हे सगळं एकत्र चाळून बाजूला. बिनमिठाचं बटर १७० ग्रॅम, बोट दाबलं तर खळगा पडेल इतपत मऊ, वितळलेलं नको. त्यात ब्राऊन शुगर १५० ग्रॅम आणि साधी साखर ५० ग्रॅम घालून फेटायचं, रंग फिका होईपर्यंत, मग १ अंडं, मग मोलॅसेस (साखर काढल्यावर उरणारी काळी दाट मळी) ८० ग्रॅम. शेवटी कोरडं मिश्रण घालून फक्त एकजीव होईस्तोवर हलवायचं, कणीक मळल्यासारखं मळायचं नाही. झाकून फ्रीजमध्ये निदान तासभर. मग ३५ ग्रॅमचे गोळे, ट्रेवर दोन इंच अंतर ठेवून, १७५ डिग्रीला १० मिनिटं.

आणि आता मुद्द्याचं. कडा बसलेल्या आणि मधोमध अजून ओलसर, जवळजवळ कच्ची वाटेल अशी असतानाच बाहेर काढायच्या. ट्रेवरच पाचेक मिनिटं राहू द्यायच्या, त्या गरम ट्रेवर पुढचं शिजणं होतं. ओव्हनमध्ये "झाल्या" असं दिसलं म्हणजे थंड झाल्यावर कडक होणार हे नक्की.

ग्लेझ: बटर ३० ग्रॅम आणि मेपल सिरप ८० मिली मंद आचेवर फक्त बटर वितळेपर्यंत, खाली उतरवून त्यात चाळलेली आयसिंग शुगर १२० ग्रॅम आणि चिमूटभर मीठ. श्रीखंडापेक्षा पातळ, ताकापेक्षा घट्ट. कुकीज पूर्ण गार झाल्यावर पालथ्या करून बुडवायच्या, अर्ध्याएक तासात वर पापुद्रा धरतो.

चुरमुरा
वा. वाचूनच भूक लागली. पण मोलॅसेस इथे कोण देणार, नाशकात राहतो हो आम्ही 😄 काकवी चालेल का?

नदीकाठची
चुरमुरा, चालेल, किंबहुना चव छानच येईल. फक्त मोलॅसेस बऱ्यापैकी आंबट असतं आणि सोडा त्या आंबटपणावरच फुगतो. काकवी करताना रस साफ करायला चुना घालतात त्यामुळे ती तेवढी आंबट नसते. सोडा तसाच घातला तर काही सोडा उरतो आणि साबणासारखी चव लागते. म्हणून सोडा अर्धा चमचा कर आणि बेकिंग पावडर अर्धा चमचा, किंवा सोडा पाऊण चमचा आणि एक मोठा चमचा दही. दह्याचं पाणी जरा निथळून घे.

तिखटमीठ
मला एक कळत नाही, आपल्याकडे इतकी सुंदर नानकटाई असताना हे मऊ लिबलिबीत प्रकरण का करायचं? बिस्कीट कसं खुसखुशीत हवं. आणि बटरच्या ऐवजी साजूक तूप घातलं तर चव दहापट चांगली येईल, माझं मत.

ओव्हनबहाद्दर
तिखटमीठ, तूप घातलंत तर ती नानकटाईच होणार, त्यात चूक नाही पण मग या धाग्यावरची कुकी नाही झाली. तुपात पाणी नसतंच. बटरमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. मऊ कुकी म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, आत धरून ठेवलेलं पाणी. ब्राऊन शुगर का, तर तिच्यातली मळी ओलावा धरते. मोलॅसेस का, तेच. अंडं का, तेच. आणि १० मिनिटांत बाहेर का, तर ते पाणी उडून जायच्या आत. नानकटाईत याच्या बरोब्बर उलट सगळं, पाणी नाही, अंडं नाही, दळलेली साखर, तूप, मंद आच आणि भरपूर वेळ. दोन्ही पदार्थ आपापल्या जागी राजे.

तिखटमीठ
पटलं पण मी नानकटाईच करणार. 😌

शिळासप्तमी
अंडं न घालता सांगा कोणीतरी. सासूबाई खात नाहीत आणि त्यांना वगळून घरात बेकिंग केलं तर पुढचा आठवडा कठीण जातो.

नदीकाठची
शिळासप्तमी 😂 अंड्याऐवजी एक मोठा चमचा जवसाची पूड तीन मोठे चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवून ती घाल, चिकट होते ती. मसाले इतके आहेत की जवसाची चव कळत नाही. किंवा ५० मिली दूध. दुधाने जरा जास्त केकसारख्या होतात, जवसाने चिवटपणा बरा येतो. मी जवसाच्या बाजूने. आणि गोळे थोडे दाबून चपटे कर, बिनअंड्याच्या कमी पसरतात.

बोरकूट
पसरण्याचा विषय निघालाच आहे तर, तुमचं माप तिकडच्या मैद्याचं आहे ना? भारतातल्या मैद्याला हेच माप चालेल का? बहिणीकडे शिकागोला असताना जी कृती नीट व्हायची ती पुण्यात केली की पापड होतो तिचा.

ओव्हनबहाद्दर
चांगला प्रश्न. कॅनडातल्या ऑल-पर्पज मैद्यात प्रथिनं जास्त असतात, १२-१३ टक्क्यांपर्यंत, तो गहूच तसा कडक. आपल्या मैद्याच्या पाकिटावर साधारण १०-११ लिहिलेलं असतं. प्रथिनं कमी म्हणजे पाणी कमी शोषणार म्हणजे गोळा जास्त सैल. मी १५ ते २० ग्रॅम मैदा वाढवतो. आणि पुण्याच्या एप्रिलमध्ये "रूम टेम्परेचरचं बटर" म्हणजे तेलच असतं, ते फ्रीजमधून काढून दहाच मिनिटांत वापरायचं. गोळे करून परत अर्धा तास फ्रीजमध्ये. गार गोळा ओव्हनमध्ये गेला की बटर वितळायच्या आधी कडा बसायला लागतात, म्हणून पसरत नाही.

वाटीने मोजू नका एवढं सांगतो. दाबून भरलेली वाटी आणि चाळून भरलेली वाटी यात सहज २५-३० ग्रॅमचा फरक पडतो. वजनकाटा घ्या, साधासा पुरतो.

जिलबीवाली
मायक्रोवेव्ह कन्व्हेक्शन मोडवर होतील का?

ओव्हनबहाद्दर
होतील. पंख्यामुळे उष्णता जास्त लागते म्हणून १६० ला ठेवा, आठव्या मिनिटापासून बघत राहा. ओटीजी असेल तर दोन्ही रॉड चालू, मधला कप्पा, आणि आधी पंधरा मिनिटं तापवून घ्या. काळा ट्रे असेल तर बूड लवकर लागतं, वर बेकिंग पेपर घाला.

डबाबाटली
मेपल सिरपबद्दल विचारायचंय. आमच्याकडच्या सुपरमार्केटात दोन बाटल्या आहेत, एक स्वस्त, एक तिप्पट महाग. स्वस्तवालीवर पण मेपलच्या पानाचं चित्र आहे. काय फरक?

नदीकाठची
चित्राकडे बघूच नकोस, बाटली उलटी कर आणि घटक वाच. खऱ्या सिरपमध्ये एकच घटक असतो, मेपल सिरप, बस. स्वस्तवालीत पहिलंच नाव ग्लुकोज किंवा कॉर्न सिरप असेल, मग रंग, मग फ्लेवर. ती पॅनकेकवर ओतायची साखर आहे, त्यात झाडाचा थेंबही नसतो बहुतेकदा.

आणि अजून एक, ग्लेझसाठी सगळ्यात महाग आणि सगळ्यात फिक्या रंगाचं सिरप घेऊ नका. कॅनडात आता सगळं ए ग्रेडच असतं पण रंगावरून चार प्रकार, गोल्डन, अंबर, डार्क आणि व्हेरी डार्क. सीझनच्या सुरुवातीचं सिरप फिकं आणि नाजूक चवीचं, जसजसं हवामान उबदार होतं तसतशी रसातली साखर थोडी मोडते आणि सिरप गडद होत जातं. गोल्डन चमच्याने चाटायला सुंदर. पण ग्लेझमध्ये १२० ग्रॅम साखर पडली की त्याची चव गायब. डार्क घ्या, त्याची चव साखरेला आणि सुंठीलाही पुरून उरते. तसंच कुकीच्या पिठात मेपल घालू नका प्लीज, लवंग आणि मोलॅसेसपुढे ते कुठेच ऐकू येत नाही, नुसता पैशाचा चुराडा. मेपल फक्त वर.

तिखटमीठ
एवढी किंमत देऊन शेवटी साखरच ना पण?

नदीकाठची
हो, साखरच. दोनतृतीयांश साखर असते त्यात, कायद्यानेच किमान ६६ टक्के घनता लागते. "नैसर्गिक आहे म्हणून डायबिटीसला चालतं" असं फॉरवर्ड फिरत असतं, अजिबात विश्वास ठेवू नका. चवीसाठी घ्या, तब्येतीसाठी नाही.

परीक्षानळी
मेपलच्या वासावरून एक गंमत सांगते, अवांतर आहे पण ऐकाच. तुम्ही कधी मेपल सिरपचा वास घेऊन "हा वास कुठेतरी घेतलाय" असं म्हटलंय का? तो मेथीचा आहे. दोन्हीत सोटोलोन नावाचं एक संयुग असतं, अगदी सूक्ष्म प्रमाणात असलं तरी नाकाला कळतं. डिंक-मेथीचे लाडू खाणाऱ्या बाळंतिणीच्या अंगाला जो गोडसर वास येतो तोही हाच.

न्यूयॉर्कमध्ये २००५ पासून मधूनमधून अख्ख्या शहरात मेपल सिरपचा वास यायचा, लोक घाबरून तक्रारीचे फोन करायचे, काही विषारी वायू वगैरे सुटलाय का म्हणून. शेवटी २००९ मध्ये महापालिकेने शोध लावला, पलीकडच्या न्यू जर्सीत मेथीदाण्यांवर प्रक्रिया करणारा एक कारखाना होता. वारा तिकडून आला की मॅनहॅटनला मेथीचा वास. आपल्याकडची कुठलीही आजी पहिल्याच दिवशी सांगू शकली असती.

चुरमुरा
हे भारी आहे 😂😂 म्हणजे मेथी घालून मेपल करता येईल का?

परीक्षानळी
नक्कल करता येते, बाजारातल्या नकली मेपल फ्लेवरमध्ये मेथीचा अर्क वापरतातच. मी अशी करते. अर्धा चमचा मेथीदाणे अगदी हलके, रंग बदलेल न बदलेल इतपत कोरडे भाजायचे. एक वाटी ब्राऊन शुगर आणि अर्धी वाटी पाणी उकळायला ठेवायचं, त्यात दाणे अख्खेच टाकायचे, कुटायचे नाहीत, नाहीतर कडवट काढा होतो. पाच मिनिटं मंद उकळून गॅस बंद, झाकून वीस मिनिटं, मग गाळायचं. ग्लेझमध्ये मेपलच्या जागी हे.

फक्त एक लक्षात असू द्या, लहान बाळाने स्वतः मेथी खाल्लेली नसताना किंवा आईच्या आहारात मेथी नसताना बाळाच्या लघवीला असा वास येत असेल तर ते गमतीत घेऊ नका, त्या वासाच्या नावाचाच एक दुर्मिळ जन्मजात आजार आहे, लगेच डॉक्टर.

नदीकाठची
परीक्षानळी, हे मी वाचलं आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन मेथीचा डबा उघडून हुंगला. खरंय!! ग्लेझला तुझी नक्कल चालेल असं वाटतं, साखर आणि बटर असतंच सोबत. खऱ्या सिरपमध्ये लाकडाची म्हणा किंवा धुराची म्हणा एक खोल चव असते ती मात्र यात नसणार, त्यामुळे पॅनकेकवर वगैरे नको.

माडाखाली
गोव्यातून लिहितेय. मोलॅसेसच्या जागी मी माडाचा काळा गूळ घालते, नाताळच्या दोदोल या मिठाईसाठी आणतो तो. शंभर ग्रॅम गूळ दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवून, गाळून, पूर्ण गार करून, त्यातला ८० ग्रॅम. गाळणं विसरू नका, कचरा असतो. त्याला स्वतःलाच एक धुरकट वास असतो त्यामुळे लवंग अर्धी करा. मग परीक्षानळीचा मेथीचा पाक वर घातला तर बाहेरून काहीच आणायला नको, मी या रविवारी करून बघणारे.

नदीकाठची
माडाखाली, अगं हे तर मूळच्यापेक्षा भारी लागेल. नक्की कळव. तो गूळ मला इथे कोण आणून देणार हाच प्रश्न.

डबाबाटली
मी मुंबईत आहे. पावसाळ्यात ग्लेझचा पापुद्रा सुकतच नाही, चिकटच राहतो. फ्रीजमध्ये ठेवू का?

ओव्हनबहाद्दर
फ्रीज नको. बाहेर काढलं की त्यावर पाणी धरतं आणि मग ग्लेझ रडायला लागतो. साखर हवेतलं पाणी ओढते, जुलैत मुंबईच्या हवेत ती काय करणार बिचारी. एक तर आयसिंग शुगर १२० च्या जागी १५० घ्या म्हणजे दाट बसेल, आणि एसीच्या खोलीत पंख्याखाली ठेवा, एसीची हवा कोरडी असते. नाहीतर कुकीज तशाच डब्यात ठेवा आणि ग्लेझ खायच्या दिवशी करा.

आणि एक, सिरप आधी थोडं आटवून घेतलं तर पाणी कमी होतं, चव पण दाटते. मात्र जपून, फार आटवलं तर ते टॉफी होतं. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात ११२ डिग्रीच्या आसपास नेऊन मुद्दाम ताज्या बर्फावर ओततात आणि काडीला गुंडाळून खातात, तो वेगळा पदार्थ.

चुरमुरा
क्युबेक म्हटल्यावर आठवलं, तिथेच ना ती सिरपची चोरी झाली होती?

नदीकाठची
हो हो. जगातलं बहुतेक मेपल सिरप क्युबेकमधूनच येतं, आणि तिथल्या उत्पादकांच्या संघटनेचा राखीव साठा असतो, पिंपांमध्ये. २०११-१२ मध्ये त्यातलं जवळजवळ ३००० टन सिरप चोरांनी हळूहळू लंपास केलं, काही पिंपांत चक्क पाणी भरून ठेवलं. १.८ कोटी डॉलरच्या वर माल होता. तपासणीला आलेला माणूस पिंपांच्या थप्पीवर चढला आणि रिकामं पिंप हललं, म्हणून कळलं म्हणे.

तिखटमीठ
आमच्याकडे काकवी कोण चोरणार. 😄

शिळासप्तमी
केल्या!! जवस घालून, काकवी घालून, माडाखालीचं वाचून लवंग कमी. सासूबाई म्हणाल्या "सुंठीची गोळी आहे का ही" पण चहाबरोबर चार खाल्ल्या. वरचा ग्लेझ मात्र मध घालून केला कारण मेपल नव्हतं आणि मेथी म्हटल्यावर नवरा हसायला लागला. ठीक झालं ना? आणि राहतील किती दिवस?

नदीकाठची
चार खाल्ल्या म्हणजे पास 👏 मध ग्लेझला ठीकच. पिठात मात्र मोलॅसेसच्या जागी मध घालणार असाल कोणी तर ओव्हन दहाएक डिग्री कमी करा, मधाने रंग फार लवकर चढतो आणि आतून व्हायच्या आधी वरून काळ्या दिसतात.

टिकायचं म्हणाल तर ग्लेझ न लावलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात पाचसहा दिवस मऊ राहतात, डब्यात ब्रेडची एक स्लाइस टाकून ठेव, स्लाइस वाळते आणि कुकीज ओल्या राहतात. दुसऱ्या दिवशी खरं तर जास्त छान लागतात, मसाले मुरतात. ग्लेझवाल्या एकावर एक रचू नकोस, मध्ये बेकिंग पेपर. गोळे न भाजता फ्रीझरमध्ये ठेवले तर दोनतीन महिने राहतात, पाहुणे आले की थेट फ्रीझरमधून ओव्हनमध्ये, फक्त दोन मिनिटं जास्त. सिरपची बाटली उघडल्यावर फ्रीजमध्येच ठेवा सगळ्यांनी, बाहेर ठेवली तर वर बुरशी येते.

बोरकूट
दालचिनी कुठली वापरता? माझ्याकडे जाड सालीची आहे, ती कुटली की तिखटच लागते.

ओव्हनबहाद्दर
ती कॅसिया. आपल्या मसाल्याच्या डब्यात बहुतेक वेळा तीच असते, जाड, कडक, एकाच थराची गुंडाळी. या कुकीजना तीच चांगली, झणका असतो तिला. सिलोनची पातळ पापुद्र्यांची दालचिनी गोडसर आणि सौम्य, ती खिरीत बरी, इथे सुंठ आणि लवंग तिला खाऊन टाकतील. तिखट वाटत असेल तर दीडऐवजी एक चमचा घाल पण प्रकार बदलू नकोस. आणि सुंठ ताजी आहे ना बघ, डब्यात वर्षभर पडलेली सुंठ म्हणजे नुसता भुसा.

जिलबीवाली
एअर फ्रायरमध्ये कोणी केल्यात का?

डबाबाटली
मी करते एअर फ्रायरमध्ये, १५० ला ७-८ मिनिटं, एकावेळी चारच मावतात. खाली कागद घालून त्यावर गोळे ठेव म्हणजे पंख्याने कागद उडत नाही. वरून जरा लवकर लाल होतात.

माडाखाली
झाल्या आज. माडाचा गूळ आणि मेथीचा पाक. रंग जवळजवळ काळा आला, फोटोत जळक्या दिसताहेत पण आतून एकदम मऊ. मेथी पहिल्या घासाला कळली नाही, नंतर नाकात राहिली. पाक मी जरा पातळ केला होता म्हणून आयसिंग शुगर दोन चमचे जास्त लागली, करणाऱ्यांनी पाक चांगला बोटाला चिकटेल इतका आटवून घ्या. मीठ चिमूटभर नाही, जरा सढळ घाला यात, गुळाला लागतं.

परीक्षानळी
फोटो टाक की मग!

माडाखाली
टाकते, पण दोनच उरल्यात.